आगीसमोर लावलेली आग

प्रिय रुचिता,

तुझ्या वनखात्याच्या रेंजमधून परत आल्यापासून तुझ्या आईला मी नीट काही सांगितलेलं नाही. पोरीचा भाजलेला हात कसा आहे, हे ती रोज विचारते. फोड सुकला, एवढंच म्हणतो. तिला तू तो डोंगर सोडून घरी यायला हवी आहेस. बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या या घरात मी असा गप्प तिनं कधी पाहिलेला नाही, म्हणून ती जास्तच घाबरली आहे.

खरं सांगू? रेल्वे युनियनच्या गेटसभांपासून जयंतीच्या मंचापर्यंत मी जन्मभर बोललो, वणव्यांबद्दल ढीगभर वाचलं. पण त्या आवाजाची कल्पना मला कोणत्याच पुस्तकानं दिली नव्हती. आधी पाल्यात सरसर, मग बांबूच्या पेरांचे बार, आणि मग पुलावरून मालगाडी जावी तसा तो एकच घुमणारा नाद. सपाटीवर मुंगीच्या चालीनं येणारी आग चढ लागताच घोड्यासारखी उधळली. धुराच्या पुढे कोतवाल पक्षी उडणारे किडे टिपत होते, जणू त्यांची पंगत बसली होती.

आणि त्या आगीसमोर तू आणखी एक आग लावलीस! वाटलं, पोट्टी वेडी झाली. आग अडवायला आधीच साफ केलेल्या जाळरेषेला लागून तू पाला पेटवलास. तुझी आग वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू सरकत गेली, दोन्ही ज्वाळा समोरासमोर आल्या, झाडांच्या शेंड्यांवर उठल्या, आणि खायला काही उरलं नाही म्हणून तिथेच बसल्या. मी टोपी काढली. कोणापुढे काढली, कोण जाणे.

दुसऱ्या सकाळी मोह वेचणाऱ्या बायका भेटल्या. हेच लोक जंगल पेटवतात, असं शहरात ऐकतो. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळायची त्यांची रीत आहे, आणि तशाच एका आगीतून तुझा डोंगर पेटला, हे खरं. पण त्यांच्या आज्याही जाळतच होत्या ना? मग तेव्हा ती आग झाडाखालीच का विझायची? तेव्हा हिवाळ्यात एखादा पाऊस पडायचा, पाल्याखाली ओल असायची. आता हिवाळा कोरडा जातो, फेब्रुवारीतच ऊन भाजतं, साल वृक्षांची पानं पापडासारखी वाळतात आणि दुपारी वारा सुटतो. ठिणगी जुनीच आहे, रान मात्र बारूद झालं आहे. ते कोणी केलं, याचा जाब एसीत बसून बोटं दाखवणाऱ्यांना मी भर सभेत विचारणार!

तू कोणाला दटावलं नाहीस. फुलं वरच पडावीत म्हणून जुन्या साड्या शिवून झाडाखाली अंथरल्यास, उरलेल्या जागी झाडू चालवलेस. मी मोकळा उभा दिसलो, तर एक म्हातारी म्हणाली, “दीदी, बाबूजी ला घलो एक बहिरी दे!” सगळ्या खदखदून हसल्या. मी निमूट झाडू घेतला.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहितो. नव्या राजधानीतल्या मुख्यालयात टेबलावरच्या कामाची जागा तुला मिळू शकते, फक्त अर्ज करायचा आहे, हे मीच आईला सांगितलं. तुझा हात भाजल्यापासून तिचा एकच धोशा, “हजार मानसं उठवता तुमी भाषनानं, मंग एक पोट्टी घरी आनता येत नाही काहून?” तुला पटवायलाच मी आलो होतो. तिथे तोंड उघडलं नाही. काल तिनं समोर कागद ठेवला, म्हणाली, बोलता नाही आलं तर लिहा. लिहायला बसलो, तर हे लिहिलं गेलं. तिची भीती माझ्याही पोटात आहे, पोरी. तरी सांगतो, अर्ज करू नकोस. पाऊस लागेपर्यंत रोज संध्याकाळी एक फोन कर, आणि तो तिलाच कर. पाकीट बंद करण्याआधी हे सगळं मी तिला वाचून दाखवणार आहे. ती स्वयंपाकघरात आहे. सही करतो आणि तिला हाक मारतो.

तुझाच, तुझ्या बाजूनं उभा राहिलेला,
बाबा