बाबांचं काम

२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बातमी कळली असेल, तरी माझ्या तोंडून ऐक. बाबांनी नाटकसंस्था माझ्या हवाली केली. कुठलं नाटक करायचं, कोणाला घ्यायचं, यापुढे सगळं मी ठरवायचं. भर तालमीत त्यांनी स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, आता मी नुसता नट, खुशाल ओरड माझ्यावर. सगळे हसले. मला मात्र रडू आवरेना.

एक काळजी आहे. म्हाताऱ्या न्यायाधीशाचं काम बाबा इतकी वर्षं करताहेत, पण हल्ली वाक्यं गाळतात. विंगेतून सांगावं लागतं.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरची माया अशीच राहू दे.

तुझी धाकटी

११ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

साहेब झालीस की! लहानपणी तुझ्या नाटकात मला कायम झाड व्हावं लागायचं. आता संस्थेतल्या लोकांची कीव येते.

थट्टा पुरे. बाबांचं काम मात्र काढू नकोस. आई गेल्यावर त्या कामानेच त्यांना उभं केलं. चार वाक्यं गाळली तर कोणाचं काय बिघडतं?

तब्येतीला जप, आणि या लांबच्या भावाला विसरू नकोस.

दादा

२८ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चार वाक्यं असती तर मी गप्प बसले असते. रविवारी बाबा शेवटच्या अंकात पहिल्या अंकातलं भाषण बोलू लागले. नाटकातल्या त्यांच्या मुलीचं काम करणारी नटी सावरायला गेली, तर तिच्यावर खेकसले. मग एकदम थांबले आणि प्रेक्षकांकडे नुसते बघत राहिले. मागून कोणीतरी हसलं. पडदा पाडायला मीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना म्हटलं, यापुढे हे काम दुसरा नट करेल. तेव्हापासून अबोला आहे. ताट वाढलं की जेवतात आणि उठून जातात. संस्थेतले लोकही माझ्याशी जपून बोलतात.

रागव हवं तर, पण पत्र पाठव.

तुझी धाकटी

६ जुलै

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

रागावलोच होतो. लिहिलेलं पत्र फाडून टाकलं. लांब बसून मला बोलायला काय जातं? त्यांच्यासमोर रोज जेवायला तू बसतेस. नव्या नटाचा पहिला प्रयोग असेल तेव्हा बाबांना एकटं सोडू नकोस.

तुझाच, दादा

२० जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल तो प्रयोग झाला. बाबांजवळ शेजारच्या काकांना बसवून आले होते. पहिली घंटा झाल्यावर रंगपटात गेले, तर आरशासमोर बाबा! चेहरा रंगवलेला, दाढी चिकटवलेली, अंगात न्यायाधीशाचा झगा. काकांचा डोळा लागताच निघून आले होते. नवा नट दाराशी अवघडून उभा होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

बाबांच्या अंगातला झगा मी उतरवला, नटाला दिला आणि सगळ्यांना बाहेर पाठवलं. मग तेलाचा बोळा घेऊन त्यांचा चेहरा पुसू लागले. ते डोळे मिटून बसले होते. अर्धा चेहरा पुसून झाला तेव्हा बोलले. म्हणाले, तुझ्या जागी मी असतो तर या म्हाताऱ्या नटाला कधीच काढलं असतं. तू फार उशीर केलास.

थोड्या वेळाने विचारलं, त्या दिवशी लोक हसले का गं? मी नाही म्हटलं. माझ्या हातातला बोळा घेऊन उरलेला चेहरा ते स्वतःच पुसू लागले. मग म्हणाले, जा, लोक खोळंबलेत, तिसरी घंटा द्यायला सांग.

मी गेले. प्रयोग चांगला झाला म्हणतात. मला काही दिसलं नाही.

जमेल तेवढ्या लवकर ये, दादा.

तुझी धाकटी