पाच ताऱ्यांची गाडी अंगणात ठेवण्याबाबत

नवीन पनवेल,
गुढीपाडव्यानंतरचा पहिला मंगळवार

आदरणीय काशिराम दाजी यांस रूपेशचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलं की लिहिणाऱ्याची आठही अंगं शाबूत आहेत हे आपोआप कळतं. आमच्या सुरक्षा खात्यात हे सगळ्यात आधी कळवायची पद्धत आहे.) इकडे मी, सुनिता आणि प्रणित मजेत आहोत. माझ्या डाव्या भुवईवर पट्टी आहे, पण तिचं कारण ओघात येईलच. दिपाताईची कंबर आता कशी आहे? समृद्धीची तिसरीची परीक्षा कधी सुरू होते? नर्सरीतला मोगरा यंदा लवकर धरला असं ताई म्हणाली, ऐकून बरं वाटलं. आणि व्हॅन कशी आहे? म्हणजे ब्रेक नीट लागतात ना? समृद्धी अजून पुढच्या दोन सीटांच्या मधे उभी राहूनच पनवेलच्या शाळेला येते का? मागे कुंड्या असतात, तिला बसायला जागा नसते, हे मला ठाऊक आहे. सहज विचारलं.

भाऊबीजेला मी ताईच्या ताटात व्हॅनची किल्ली टाकली, तेव्हा तुमच्या आळीतली निम्मी माणसं ओट्यावर जमली होती. तुम्ही मला मिठी मारलीत, ताई रडली, आणि मीही तुमच्या आपटा गावात तासभर मोठा माणूस म्हणून वावरलो. अकरा वर्षांची गाडी, पण ओवाळणी ती ओवाळणी. आता आपल्यासाठी नवी घ्यायची ती शास्त्रशुद्ध पद्धतीने, असं मी ठरवलं. माझं काम तुम्हाला माहीत आहे. तळोज्याला आमच्या कंपनीच्या गेटवर ‘अपघाताविना दिवस’ असा बोर्ड आहे, त्यावरचा आकडा रोज सकाळी स्टुलावर चढून बदलायचा. (ते स्टूल डगमगतं. याबद्दल मी चार वर्षांपूर्वी लेखी कळवलेलं आहे.) असा माणूस रंग बघून गाडी घेत नाही. मी गाड्या भिंतीवर आपटून बघतात त्या परीक्षेचे निकाल काढून बसलो. चांगल्या गाडीला पाच तारे, बऱ्या गाडीला तीन. आणि जे करायला नको होतं ते मी पहिल्याच दिवशी केलं. आपल्या व्हॅनसारखी व्हॅन त्यात आहे का ते शोधलं. होती. शून्य तारे. आमच्या खात्यात वर्षभर ‘ध्येय शून्य’ अशा पताका लागलेल्या असतात, पण शून्य पुन्हा पुन्हा वाचून बघण्याची ती माझी पहिलीच वेळ. त्या गाडीला पुढे नाकच नाही हो. बंपरच्या मागे लगेच चालकाचे गुडघे. तो व्हिडिओ मी अर्ध्यात बंद केला. मी अकरा वर्षं त्याच गाडीतून बायकोमुलाला फिरवलं, आणि वर ती बहिणीला ओवाळणीत घातली. मला भीती वाटली, आणि लाजही वाटली. गेले पाच महिने मी गाडी निवडत होतो ती आमच्या घरासाठी, पण डोळ्यांपुढे सारखी तुमचीच माणसं येत होती.

तुम्ही माझ्याबरोबर एकदा शोरूमला आला होतात, ते आठवतं ना? (आठवत नसेल तर तिथल्या लोकांना नक्की आठवतं.) तुम्ही आत शिरल्या शिरल्या माठ वाजवून घ्यावा तसा दरवाजा बोटांनी वाजवलात, मग बॉनेटवर अंगठा दाबलात, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, “पत्रा नाय हा, पापड हाय.” ती गाडी पाच ताऱ्यांची होती. मग मी तुम्हाला मोबाइलवर तिच्या टकरीचा व्हिडिओ दाखवला. तिचं नाक पार चेपलं तेव्हा तुम्हाला कोण आनंद झाला! मी समजावत होतो की दाजी, ती चेपायलाच हवी, धक्का पुढच्या भागाने खायचा म्हणजे आतला माणूस वाचतो. यावर तुम्ही म्हणालात, “मंग आपली व्हॅन तं आख्खी चेपंल. तिला धा तारे द्या.” शोरूममधली अनुष्का नावाची मुलगी तोंड फिरवून हसली. बेल्टबद्दलही तुमचं मत तुम्ही तिला ऐकवलंत, की बांधायला आमी काय पार्सल हाव काय. या सगळ्याचं उत्तर मला परतीच्या वाटेवर पळस्पे फाट्याला सुचलं, पण तेव्हा तुम्ही एका हाताने गाडी चालवत दुसऱ्याने पेरू खात होतात, म्हणून मी दरवाजाची कडी धरून बसलो.

या अनुष्काबाई कामाला फार चांगल्या, पण त्यांच्याकडे माझ्या प्रश्नांची सोय नव्हती. मी बेचाळीस प्रश्नांची यादी करून नेली होती. (शेवटचे तीन प्रश्न स्टेपनीबद्दल होते, ते नंतर मी स्वतःच मागे घेतले.) बाजूच्या एअरबॅग खालच्या मॉडेलला आहेत का, असं विचारलं की त्या म्हणायच्या, “सर, टेन्शन नका घेऊ, आतमध्ये चौसष्ट रंगांची लाइटिंग आहे.” छतावरची काच उघडून दाखवायच्या, त्यातून मुलं उभी राहून हात हलवतात असा फोटो दाखवायच्या. तो फोटो मी उलटा करून टेबलावर ठेवला. तिसऱ्या खेपेला त्यांनी मॅनेजरना बोलावलं, तेही यादी वाचून म्हणाले की साहेब, इतकं कोणी विचारत नाही. आमच्या खात्यात हे वाक्य मी स्फोट झाल्यावरच्या चौकशीत दोनदा ऐकलेलं आहे. सुनिता तोपर्यंत शांतपणे तो टकरीचा व्हिडिओ बघत होती. पुढे दोन मोठे पुतळे, मागे दोन लहान मुलांचे पुतळे, आणि मागच्या मधल्या जागेवर कोणीच नाही. तिने विचारलं, “यांची आई कुठे बसलीय?” आपल्याकडे मधे कोण बसतं ते तुम्हाला माहीत आहे. एका बाजूला मूल, दुसऱ्या बाजूला पाहुणे, मांडीवर डबा आणि पायाशी पाण्याची बाटली. मॅनेजर म्हणाले, मॅडम, परीक्षेत मधली जागा धरत नाहीत. त्यानंतर मधल्या जागेला खांद्यावरून येणारा बेल्ट असलेली गाडी शोधण्यात आमचे सहा आठवडे गेले, आणि ते कारणी लागले असं माझं मत आहे.

अखेर पाडव्याला गाडी आली. पाच तारे, सहा एअरबॅग, मधे पूर्ण बेल्ट. पण ज्या गोष्टींसाठी आपण गाडी घेतो त्या सगळ्या बंद कशा करायच्या, याचं दुकान शोरूमच्या शेजारीच असतं हे मला नव्याने कळलं. तिथल्या माणसाने आधी पुढे लोखंडी दांडा बसवायचा आग्रह धरला. त्या दांड्यामुळे जो धक्का नाकाने खायचा तो थेट आत पोचतो. मग सीटना जाड कव्हर घालतो म्हणाला, म्हणजे बाजूची एअरबॅग कव्हरातच फुगून राहावी. ते नको म्हटल्यावर त्याला वाईट वाटलं, आणि त्याने मला एक पितळी पट्टी फुकट दिली. ती बेल्टच्या खाचेत अडकवली की बेल्ट न लावताही गाडी ओरडत नाही. “फॅमिलीवाले सगळे घेतात,” असं म्हणाला. मी ती खात्यात नमुना म्हणून जमा केली आहे. गणपती आम्ही डॅशबोर्डवर ठेवला नाही. तिथून एअरबॅग उघडते, आणि देव अंगावर आले तर तक्रार कोणाकडे करायची? आता भुवईचं सांगतो. पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि मी चालकाच्या जागेजवळ हात जोडून उभा असताना त्या दुकानातल्याच माणसाने उत्साहाने नारळ आपटला. करवंटीचा तुकडा उडून माझ्या भुवईला लागला. पाच ताऱ्यांची गाडी, इंजिन बंद, वेग शून्य, आणि चालक जखमी. एक टाका पडला. त्या दिवशी घरच्या घरी मी आमचा आकडा शून्यावर आणला.

आता मूळ मुद्दा. आमच्या खात्यात धोक्याचा एक तक्ता असतो. एखादं काम किती वेळा होतं आणि चुकलं तर किती जोरात लागेल, या दोन आकड्यांचा गुणाकार करायचा, जास्तीत जास्त पंचवीस. जिथे आकडा मोठा, तिथे हेल्मेट आधी पोचवायचं. नव्या गाडीचा असा तक्ता मी रविवारी केला. मी कंपनीच्या बसने जातो, प्रणित सायकलने, सुनिता चालत. गाडी निघणार ती रविवारी बाजारात आणि महिन्यातून एकदा खारघरला तिच्या बहिणीकडे. सिग्नल आणि खड्डे धरून वेग तीसच्या वर जात नाही. उत्तर आलं चार. मी समाधानाने तक्ता फ्रिजवर लावला. सुनिताने पोळ्या झाल्यावर हात पुसून पेन्सिल घेतली आणि त्याखाली आणखी एक ओळ लिहिली, ‘आपटा’. आठवड्यातून सहा दिवस, रोज येऊन जाऊन दोन फेऱ्या, कर्नाळ्याची खिंड, मागेपुढे कंटेनर, तारे शून्य, मूल उभं. पंचवीसच्या पुढे आकडाच नसल्यामुळे तिने उत्तर समासात लिहिलं. मी म्हणालो, अगं, पाच महिने अभ्यास करून गाडी आपण आपल्यासाठी घेतलीय. ती म्हणाली, “अभ्यास तुमचाच आहे. मी फक्त आपटा लिहिलं.” तो तक्ता अजून फ्रिजवर आहे. दूध काढायला गेलं की दिसतो.

बाकी सर्व ठीक. ताईला नमस्कार, समृद्धीला अनेक आशीर्वाद.

आपला,
रूपेश

ता.क. एक छोटी अडचण आहे. आमच्या सोसायटीत मिळालेली पार्किंगची जागा नव्या गाडीला दीड फूट तोकडी पडते. व्हॅन मात्र तिथे छान मावायची. तेव्हा या रविवारी तुम्ही व्हॅन घेऊन यावं आणि नवी गाडी तुमच्या अंगणात ठेवायला न्यावी, ही विनंती. ही देवघेव नव्हे. ओवाळणी परत मागायची आपल्यात रीत नाही, आणि मी ती मागतही नाही. मी फक्त जागा मागतोय. नुसती उभी राहिली तर हिची बॅटरी उतरते, म्हणून तिला रोज थोडं चालवावं लागेल. रोज पनवेलपर्यंत येऊन गेलात तर पुरेल. सोबत ताई आणि समृद्धी बसल्या तरी माझी हरकत नाही. व्हॅन आमच्याकडे रद्दी ठेवायला उपयोगी पडेल.

ता.क. २. समृद्धीसाठी उंच बैठक मागच्या सीटवर बसवून ठेवली आहे, ती काढू नये. कुंड्या डिकीत ठेवाव्यात, एकावर एक नकोत. बेल्ट लावला नाही तर गाडी ओरडते, ती बिघडलेली नाही. पितळी पट्टी मागू नये, ती सरकारजमा झाली आहे असं समजावं.

ता.क. ३. काशिरामदादा, सुनिताचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून वाचलं. पार्किंगला जागा आहे. नवी गाडी चार दिवस तिथेच उभी आहे आणि चहूबाजूंनी माणूस फिरेल इतकी मोकळी आहे. सरळ ‘घ्या’ म्हटलं तर तुम्ही नको म्हणाल, म्हणून ह्यांनी ते दीड फूट काढलंय. कृपा करून नको म्हणू नका. रोज सकाळी सव्वासातला, तुम्ही खिंडीत असता तेव्हा, हे गॅलरीत फोन हातात धरून उभे असतात. लावत मात्र नाहीत, कारण तुम्ही गाडी चालवताना फोन उचलता. पावणेआठला ताईंचा शाळेत पोचल्याचा मेसेज आला की मग आत येऊन चहा पितात. या महिन्यात त्यापायी कंपनीची बस चार वेळा चुकली. तेव्हा रविवारी नक्की या. ताईंना आणि समृद्धीला एसटीने येऊ द्या. व्हॅन तेवढी तुम्ही एकटे आणा, आणि हळू आणा.