इटलीच्या वतीने अकरा पाने

सांगली, ता. २ मार्च १९४९

राजमान्य राजश्री लालासाहेब व्याही यांस आप्पासो मास्तर यांचा नमस्कार. आपला गुडघा आणि विहीणबाईंचा दमा लोणंदच्या थंडीत आटोक्यात असावेत, अशी आशा करतो.

आपले पत्र पोहोचले. माझा भाचा बाळासो याने तेथील बाजारात सांगितले म्हणे की, मास्तर कॉलेजच्या सभेत व्यासपीठावर चढले, रशियाशी भांडले आणि रडले. या एका वाक्यात तीन चुका आहेत. मी व्यासपीठावर नव्हतो. तिसऱ्या बाकावर होतो. रशियाशी भांडलो नाही. त्यास उभे राहून बोलण्यास सांगितले. तिसऱ्या चुकीचा परामर्श शेवटी घेतो.

आपली नात विजयमाला हिच्या कॉलेजात विद्यार्थ्यांनी देशोदेशींचे वकील होऊन संयुक्त राष्ट्रसंघाचे लटके अधिवेशन भरवले. चिठ्ठी उचलून देश घ्यावयाचा आणि त्याची भूमिका एका पानात लिहून आणावयाची. विजयमालेच्या हाती इटली आली. (ब्रह्मदेश शिल्लक होता. बदलून घे म्हटले, तर "आबा, मला हाच पाहिजे," म्हणाली.) इटलीस सभासद करून घ्यावे की नाही, हा प्रश्न. ज्या देशाच्या चिखलात आपले जावई, म्हणजे माझा एकुलता मुलगा अर्जुना, लढाईत पडला, त्या देशाची रदबदली लिहून द्या, असे अर्जुनाचीच मुलगी मला सांगत होती. कारण माझे मराठी शुद्ध.

मी अकरा पाने लिहिली. पाच पानांत त्या देशाचा इतिहास, उरलेल्या सहांत त्याला विचारलेले प्रश्न. अर्जदाराने स्वतःवरच फिर्याद गुदरल्यासारखे ते झाले होते, हे मला वाचून होईपर्यंत कळले नाही. वाक्यरचना मात्र निर्दोष होती. विजयमाला म्हणाली, "आबा, हे इटलीचं म्हणणं नाही, तुमचं आहे." मग तिने पलटणीकडून आलेली अर्जुनाची पत्र्याची पेटी मागितली. ती मी तोवर उघडली नव्हती.

आपणांस ठाऊक आहे, अर्जुनाची पत्रे मी तांबड्या शाईने दुरुस्त करून त्यास परत पाठवीत असे. माझ्या शाळेच्या रिवाजाप्रमाणे चुकलेले वाक्य त्याने दहा वेळा लिहावयाचे. (लष्करी तपासनीसास तो गुप्त संकेत वाटला असावा; एक पत्र दोन महिने अडकून होते.) पुढे त्याची पत्रे बंद झाली. मी समजलो, रागावला.

मी दुरुस्त करून पाठवलेले त्याचे शेवटचे पत्र पेटीत होते. "हितल्या म्हातारीनं आमाला निम्मी भाकर दिली. तिचा ल्योक बी लढाईत ग्येला. मानसं लय चांगली हायती." (ते लोक भाकरी करीत नाहीत, अशी नोंद मी समासात केली होती.) त्याखाली शिसपेन्सिलीने माझे वाक्य: 'येथील माणसे फार चांगली आहेत.' सहा वेळा. दहा व्हावयाचे होते.

विजयमालेने अकरा पाने घरी ठेवली आणि सभेत त्या तीन ओळी जशाच्या तशा वाचल्या. सर्वांचे हात वर झाले. एकटा रशिया (जतच्या शालूबाईंचा नातू, भला मुलगा) बसल्या जागेवरून 'नामंजूर' म्हणाला आणि, पाच बड्या राष्ट्रांपैकी एकाचाही नकार पुरत असल्याने, इटली बाहेरच राहिली. मी उठवल्यावर म्हणाला, "आवं गुर्जी, ह्ये मत माजं न्हाई, रशियाचं हाय. माजं इचाराल तर त्या म्हातारीला घ्या की आत." इतके अशुद्ध आणि इतके बरोबर वाक्य मी पूर्वी ऐकले नव्हते.

उभयतांनी प्रकृतीस जपावे.

आपला,
आप्पासो

ता. क. सूनबाई सध्या आपल्याकडे आहेत. अर्जुनाने त्यांना लिहिलेली पत्रे असतील. त्यांची हरकत नसेल तेवढी मला वाचावयास पाठवावीत. तांबडी दौत मी विजयमालेच्या हवाली केली आहे.

आणखी ता. क. बाळासोने तारखांचाही घोळ केला आहे. त्या अशा वाचाव्यात :

अधिवेशन : १८ नव्हे, १९ फेब्रुवारी.

अर्जुना गेला : ९ एप्रिल १९४४. बाळासो सांगतो ती तार आल्याची तारीख.

पेटी आली : १४ मार्च १९४५. उघडली : १६ फेब्रुवारी १९४९.

मी रडलो : १९ फेब्रुवारीस नव्हे, १६ फेब्रुवारीस, सभेत नव्हे, घरी.

राहिलेल्या चार ओळी मी लिहून पुऱ्या केल्या : १७ फेब्रुवारी. वाक्य त्याचे घेतले.