फिलोमेनाची हिरवी शेगडी

२ सप्टेंबर

सकाळी सातला फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"कुंभाराची पोर ना तू? माझ्या शेगडीतून धूर येतोय. ये." ठेवला!

गेले. रुपर्टच्या बसमधून शेवटच्या थांब्यापर्यंत, पुढे पाऊण तास खडी चढण. (नवरा बस चालवतो याचा फायदा शून्य. तिकीट काढायला लावतो. म्हणतो, नियम म्हणजे नियम.) फिलोमेनाचं घर खोऱ्यातलं सगळ्यात वरचं. बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. लग्न केलं नाही, गाई केल्या — असं स्वतःच सांगते.

आणि शेगडी! मी पहिल्यांदाच पाहिली. खोलीचा अख्खा कोपरा भरून, छताला टेकायला हातभर कमी, खाली भोवतीने बसायला बाक. सगळी हिरव्या टाइल्सची. पण काय हिरवं ते! बघत बसावं, चहा विसरावा असं. बाबांनी बांधलेली, छप्पन्न वर्षांपूर्वी. त्यांनी एकट्याने बांधलेली पहिली शेगडी.

आतून पार खचलीय. टाइल्सही तडकल्यात. म्हटलं, "उतरवून नवीच बांधावी लागेल."

"बांध की. पण हिरवं हेच पाहिजे. दुसरं काही आणलंस तर कुत्रं सोडीन अंगावर."

कुत्रं चौदा वर्षांचं आहे. उठून उभं राहायलाच त्याला पाच मिनिटं लागतात.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते वाडगं पुसत म्हणाले, "हं." पुसून झाल्यावर म्हणाले, "त्या घरात मी पाय ठेवणार नाही. तूही ठेवू नकोस."

३ सप्टेंबर

कारण रुपर्टकडून कळलं. बसमध्ये सगळ्यांचं सगळं कळतं.

शेगडी बांधून झाली त्याच महिन्यात रविवारी चर्च सुटल्यावर, भर गर्दीत फिलोमेना म्हणाली होती, "किलियानची शेगडी दिसायला देखणी, पण धुरकट. त्याच्यासारखीच." सगळं गाव हसलं. आठवड्याने धुराड्यात डोमकावळ्याचं घरटं सापडलं. शेगडीचा दोष नव्हताच! पण तिने माफी मागितली नाही आणि बाबांनी विसरायचं नाव काढलं नाही.

छप्पन्न वर्षं. एका डोमकावळ्यापायी.

५ सप्टेंबर

हिरव्या झिलईची, म्हणजे टाइलवरच्या त्या काचेसारख्या लेपाची, कृती पुन्हा एकदा मागितली.

"डोक्यात आहे," बाबा म्हणाले.

"मग डोक्यातून काढा की."

"निघत नाही."

जाऊ दे. मी तेवीस वर्षं या कामात आहे. तांबं म्हणजे हिरवं, हे पोरालाही ठाऊक. करते मीच.

१२ सप्टेंबर

पहिले सहा नमुने भट्टीतून निघाले.
मटाराचं सूप. बेडूक. दवाखान्याची भिंत. पुन्हा बेडूक. आणखी एक बेडूक. सहाव्याला काय म्हणावं ते कळेना, तो मी टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली ठेवला.

१५ सप्टेंबर

नवे चार. बेडूक गेला, पण आता सगळंच निळ्याकडे झुकतंय. तरी घेऊन वर गेले. फिलोमेनाने एकेक उचलून खिडकीशी धरला.

"हे हिरवं? हा पोहण्याचा तलाव आहे."

"जरासं निळसर आहे खरं —"

"यात मी बुडेन, बाई. बापाला विचार."

"ते सांगत नाहीत."

"मग जगतोय कशाला?"

वर बार्लीचं सूप वाढलं. चांगलं होतं. दोन वाडगे प्यायले.

१९ सप्टेंबर

गाई डोंगरावरच्या उन्हाळी कुरणांवरून उतरल्या. फुलांचे मुकुट, घंटा, शेण. रुपर्टची बस दीड तास त्यांच्या मागे. घरी आला तो हसतच — बसमधल्या प्रवाशांनी खाली उतरून बिअर प्यायली आणि बस पुन्हा गाठली, चालत!

टाइल्स साच्यातून काढून झाल्या. शहाण्णव. मांडणीवर ओळीने वाळतायत. आकार अगदी जुन्यासारखा. रंगाचा पत्ता नाही.

२४ सप्टेंबर

एकविसावा नमुना. तलावच.

बाबा येताजाता खिडकीच्या कट्ट्यावरचे नमुने बघतात आणि तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. टोमणा मारला असता तर परवडलं असतं.

२८ सप्टेंबर

आज शेगडी उतरवायला घेतली. प्रत्येक टाइलच्या मागे माती आणि दगड थापलेले. ती माती खरवडली आणि — अक्षरं! खिळ्याने कोरलेली. बाबांचं अक्षर. तो 'क' आणखी कोणाचा असणार?

"तिसरा दिवस. पुन्हा बार्लीचं सूप."

पुढच्या टाइलवर, "चौथा दिवस. सूप. बार्लीचे दाणे सात. मोजले."

मग, "ही बाई बकरीहून हट्टी. बकरीची माफी मागतो."

मग, "कुत्र्याने डावा बूट पळवला. एका बुटावर काम चालू." (आत्ताच्याने नव्हे, त्याच्या खापरपणज्याने असणार.)

मला हसू आवरेना. तेवीस वर्षांचे बाबा! एरवी भिंतीसारखा गप्प माणूस. आणि हे सगळं तिच्याच घरात, तिच्याच पाठीमागे, छप्पन्न वर्षं ऊब खात बसलेलं!

माझं हसणं ऐकून फिलोमेना भिंग घेऊन आली. लपवायला वेळच मिळाला नाही. एवढंच केलं, की एक टाइल मी आधी वाचली होती ती ढिगाच्या तळाशी सरकवली. तिच्यावर होतं, "आज हसली. काम एक दिवस मागे पडलं."

ती बाकाच्या उरल्यासुरल्या तुकड्यावर बसली आणि एकेक मोठ्याने वाचू लागली. "सात दाणे! खोटारडा! ... बकरी? मी?" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कुत्रंसुद्धा उठलं.

मग तळाची टाइल आली. भिंग धरलं. बराच वेळ धरलं.

"याच्यावर काही नाही," म्हणाली. आणि टाइल एप्रनखाली घेऊन आत गेली.

मी निघताना दारातून ओरडली, "सांग त्याला, सुपात हाडं होती! चांगली, नळीची! दाणे काय मोजतो!"

२९ सप्टेंबर

निरोप दिला. शब्द न् शब्द.

बाबांचा चेहरा आधी पांढरा, मग बिटासारखा. "तिने वाचलं?"

"भिंगाने."

"सगळं?"

"सगळं."

चाक सुरू केलं आणि दोन तास एकच वाडगं वर करत, मोडत बसले.

२ ऑक्टोबर

वर पहिला बर्फ पडला. खाली नुसता पाऊस. फिलोमेनाची खोली थंडगार. तीन स्वेटर घालून स्वयंपाकघराच्या चुलीला चिकटून बसलीय. तिचा भाचा म्हणाला, खाली माझ्याकडे राहायला चल. तर त्याला म्हणाली, "मला खाली न्यायचं तर लाकडी पेटीत घालून न्या, त्याआधी नाही."

माझ्याकडे अजून हिरवं नाही. रात्री झोप लागत नाही. परक्या बाईला ऊब कबूल करून बसले आणि हातात काय? तलाव.

३ ऑक्टोबर

बाबा सकाळी दाढी करून, रविवारचे बूट घालून दारात उभे. "बघतो तरी काय नासवून ठेवलंयस."

बसमध्ये तिकीट काढलं. चढण चढताना तीनदा थांबले, तिन्ही वेळा म्हणाले की दृश्य चांगलं आहे. धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं.

फिलोमेना दारातच.

बाबा म्हणाले, "नमस्कार. तुम्ही बऱ्या आहात ना?"

तुम्ही! इतक्या उंचीवर! आमच्याकडे हजार मीटरच्या वर बिशपलाही कोणी अहो-जाहो करत नाही. यापेक्षा थोबाडीत मारलेली बरी.

ती थंडपणे म्हणाली, "आपण आत यावं. बूट सांभाळून ठेवावेत."

मग दोघं त्या रिकाम्या कोपऱ्यासमोर उभी राहिली. विटांचा चौथरा आणि भिंतीवर काजळीचा डाग, एवढंच उरलंय. शेवटी फिलोमेना म्हणाली, "घरट्याचं मला दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं."

"मलाही."

"मग आला का नाहीस?"

"तू बोलावलं का नाहीस?"

मी सरपण आणायला बाहेर गेले. सरपण घरात भरपूर होतं.

४ ऑक्टोबर

हे नीट लिहून ठेवायला हवं.

दुपारी बाबा माझ्या नमुन्यांसमोर बसले होते. अठ्ठावीस तुकडे. म्हणाले, "बुर्गल पोरी, ते शिसं होतं."

"म्हणजे?"

"झिलईत शिसं असलं की तांबं आपोआप हिरवं होतं. त्या जुन्या शेगडीसारखं. मी काही करतच नव्हतो. शिसं करायचं."

शिसं तर केव्हाच बंद झालं. विषच ते. मी शाळेत होते तेव्हा. आणि तेव्हापासून बाबांनी पांढरं केलं, तपकिरी केलं — हिरवं कधीच नाही. मी रोज त्या कारखान्यात असून माझ्या लक्षात आलं नाही!

"शिशाशिवाय वर्षभर रोज करून पाहिलं. तुझी आई फसलेले नमुने खुराड्यामागे पुरायची, मला दिसू नयेत म्हणून. मला येत नाही, पोरी. डोक्यात काहीच नाहीये. तू विचारायचीस आणि मी..."

इतकी वर्षं मला वाटत होतं, माझ्यावर विश्वास नाही म्हणून सांगत नाहीत. मनात किती काय काय बोलून घेतलं होतं त्यांना.

काय करावं सुचेना, म्हणून कॉफी केली. पातळ झाली. ते निमूट प्यायले.

५ ऑक्टोबर

खुराड्यामागे खणलं. दोघांनी. दोन बादल्या तुकडे निघाले. सगळे तलाव! एक तर माझ्या एकविसाव्याचा जुळा भाऊ. चिखलात उभं राहून इतके हसलो की कोंबड्या पळाल्या.

७ ऑक्टोबर

डोक्यात आलं — झिलई बदलून होत नाही, तर खालचं बदलावं. टाइलवर आधी पिवळ्या मातीचा पातळ लेप द्यावा, वरून हिरवं.

"पिवळ्यावर हिरवं? वेड लागलंय," बाबा म्हणाले. पण बुडवायला त्यांनीच घेतलं. हात अजून असा, की टाइल बुडते आणि निघते, एक थेंब ओघळत नाही.

१० ऑक्टोबर

मिळालं!!

निळं गेलं. मध घातल्यासारखं हिरवं. कडांना जरा सोनेरी, खाचांत गडद. बाबांनी टाइल उन्हात धरली, फिरवली, पुन्हा धरली. म्हणाले, "हे माझं नाही."

"नाही."

"हे तुझं आहे." आणि भट्टीकडे वळून उगाचच झाडू मारायला लागले. मीही उगाचच दुसरा झाडू शोधला.

११ ऑक्टोबर

फिलोमेनाने टाइल खिडकीशी धरली. दिव्याशी धरली. गालाला लावली.

"हे ते हिरवं नाही."

मी टाइल परत घ्यायला हात पुढे केला. तिने सोडली नाही.

"ते म्हातारं झालं होतं. बसव."

१७ ऑक्टोबर

शहाण्णवपैकी चौऱ्याण्णव उत्तम. दोन बेडूक. दोन जास्तीच्या केल्या होत्या म्हणून वाचले. भाच्याच्या ट्रॅक्टरवर, गवतात गुंडाळून सगळ्या वर.

२२ ऑक्टोबर

बांधकाम. मी रचते, बाबा खाली बसून माती मळतात आणि फिलोमेना दोघांच्याही चुका काढते.

"ती तिरकी आहे."

"तू तिरकी बघतेयस."

"माझी मान सरळ आहे, किलियान. सत्तर वर्षं गाई दुहून सरळ आहे."

जेवायला सूप. बाबांनी चमच्याने दाणे मोजायचं नाटक केलं. तिने पळीच उगारली.

माझ्या लक्षात आलं, 'तुम्ही' केव्हा गळून पडलं ते कोणालाच कळलं नाही.

२६ ऑक्टोबर

शेवटची टाइल बसली. पहिला जाळ — मूठभर काटक्या, बस. नवी शेगडी हळूहळू वाळवावी लागते. रोज थोडा थोडा जाळ. घाई केली की तडा.

बाबा म्हणाले, "मी राहतो चार दिवस. या बाईच्या हातात दिली तर पहिल्याच दिवशी अख्खं झाड घालेल."

मी एकटीच उतरले. बसमध्ये रुपर्टने तिकीट मागितलं नाही! विचारलं तर म्हणाला, "आज कारागीर फुकट."

१ नोव्हेंबर

सगळ्या संतांचा सण. बाबा सकाळच्या बसने खाली आले. आईच्या थडग्यावर दिवा लावला. बराच वेळ उभे होते, ओठ हलत होते. काय सांगत होते ते मी विचारलं नाही.

घरी जेवले. मग टोपी घातली.

"कुठे?"

"शेगडी ओली आहे अजून."

तीनची बस.

६ नोव्हेंबर

आज फोन केला. फिलोमेनाने उचलला. शेगडी कशी आहे विचारलं. म्हणाली, "खणखणीत वाळलीय, आठवडा झाला." मागून बाबा कोणाला तरी शीळ घालत होते. बहुधा कुत्र्याला.

मी म्हटलं, "बाबांचा हिवाळी कोट पाठवू का रुपर्टबरोबर?"

"दोन्ही कोट पाठव. उन्हाळाही येतोच की."