लेकीचं पाणी

प्रिय अक्का,

‘प्रिय’ लिहिलंय ते शाळेत तसं लिहायला शिकवलं होतं म्हणून. मनात दुसरंच आल्तं, पण ते लिहिलं असतं तर तू पुढं वाचलंच नसतं. फोन लावला की तुझा ‘मीटिंगमध्ये आहे’चा मेसेज येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा दिसतात, उत्तर दिसत नाही. म्हणून हे पत्र वाटूर फाट्यावरून पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं देऊन राह्यलोय. तो तुझ्या ऑफिसात येऊन हातात देईल. माणूस भरवशाचा आहे. सुरतेकडं एक अख्खा उन्हाळा मी त्याच्या गाडीवर क्लीनर होतो. घाटात एकदा गाडी बंद पडली तेव्हा आम्ही काय खाल्लं ते तुला सांगितलं तर हसशील. पण आज मला तुला हसवायचं नाही.

मी पाडव्याला घरी आलो ते तुला मायनं सांगितलंच असेल. त्याच्या आधी मनालीत होतो, एका हॉटेलात भांडी घासायला. तिथं दारात मोठी हिरवी पाटी होती, निसर्ग जपा, कचरा करू नका. अन् त्याच पाटीच्या मागून आम्ही रोज संध्याकाळी किचनचा सगळा कचरा टोपल्यानं नदीच्या उतारावर सोडायचो. मालक म्हणायचा, नदी घेऊन जाती, तिचं कामच ते आहे. त्यामुळं हॉटेलवाल्यांच्या हिरव्या पाट्यांचं मला आता काही वाटत नाही. सगळीकडं तेच. फक्त तसल्या एखाद्या पाटीमागं माझी सख्खी बहीण उभी असेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

घरी आलो तर काय, विहिरीला पाणी! तुला माहीतच आहे, होळी झाली की आपल्या विहिरीत खाली फक्त दगड दिसतात अन् एखादं कासव. लहानपणी आपण वाकून त्या कासवाला हाका मारायचो. यंदा पाडव्याला अर्ध्या पायऱ्या पाण्यात. मायनं विहिरीची ओटी भरली. हिरवं खणाचं कापड, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू, सगळं बराबर, जशी माहेरी आलेल्या लेकीची भरतात तशी. वस्तीवरच्या बाया आल्त्या. तुळजाबाई गाणं म्हणत होती. माय सगळ्यांना सांगत होती की हे माझ्या शालूचं काम आहे, शालूनं शेजारच्या हॉटेलच्या फेल गेलेल्या बोअरमध्ये पावसाचं पाणी जिरवलं अन् ते आपल्याकडं फुटलं. मधी फक्त रामकिसनमामाचं तुरीचं रान, तेवढ्या अंतरावर पाणी यायला काय उशीर. मीसुद्धा त्या दिवशी फुगलो होतो, अक्का. खोटं कशाला लिहू. पायरीवर बसून पाण्यात पाय सोडले अन् म्हणलं, आपण जगभर हिंडलो, बहिणीनं मात्र एका जागी बसून करून दाखवलं.

तुझ्या डोक्यावर ती जागा अजून आहे का गं? मधोमध, जिथं केस विरळ झाल्ते? शाळेच्या आधी तू रेल्वेच्या पुलाखालच्या झऱ्यावरून कळशी आणायचीस, अन् चुंबळ सारखी घसरायची. एकदा घरापाशी येऊन कळशी सांडली तेव्हा तू रडली नाहीस. ओल्या मातीवर पाय आपटत म्हणालीस की मी मोठी झाले की या विहिरीला उन्हाळ्यात पाणी आणून दाखवीन. मी लहान होतो, मला नीट आठवतही नाही. पण मायला आठवतं. ती कुणालाही सांगती. तू पर्यावरणाचं शिकायला संभाजीनगरला गेलीस तेव्हा तिनं त्याच्यासाठीच म्हैस विकली, हे ती सांगत नाही.

मंग मायच म्हणाली की हॉटेलात काम बघ, बहिणीचं नाव सांग, लगेच घेतील. सर्जेराव मालकांनी घेतलं. तुझं नाव सांगायच्या आधीच चहा मागवला. हॉटेल हरितांगण. तारे नाहीत त्याला, पानं आहेत, तुझ्या ऑफिसानं तपासून दिलेली. रिसेप्शनच्या भिंतीवर पितळेची चार पानं ठोकलीत अन् पाचव्या पानाची जागा मोकळी ठेवलीय. प्रत्येक खोलीत पलंगावर तू लिहिलेलं कार्ड. टॉवेल टांगून ठेवला तर आम्ही समजू तो पुन्हा वापरायचा आहे, एक टॉवेल, एक बादली पाणी, पृथ्वी आपली माय. बाहेर लॉनवर एवढं पाणी मारतात की बेडकं उन्हाळ्यात ओरडून राह्यलीत, पण कार्ड झकास आहे. मला लॉन्ड्रीत टाकलं.

तुला लॉन्ड्रीचं सांगतो, कारण तू तिथं उन्हाळ्यात कधी आली नाहीस. आपल्याकडं चैत्र-वैशाखात लग्नं. लग्नाचं वऱ्हाड सगळं हॉटेलात. हळदीच्या दिवशी तुझं कार्ड कुणी वाचत नाही गं, तुझ्या पांढऱ्या टॉवेलनंच हळद पुसतात. नवरदेव, करवल्या, मामा, सगळे. चादरी पिवळ्या. त्या मशीनमध्ये टाकल्या अन् सोडा पडला की डाग लालभडक होतात. कुंकू असंच करतात म्हणं. पहिल्या दिवशी मी घाबरलोच, वाटलं कुणाचं रक्त आहे. मंग त्याच्यावर ब्लीच ओतायचं, एवढं की डोळ्यांतून पाणी येतं अन् हाताची सालं निघतात. मी लालभडक पाणी मशीनमधून निघताना बघितलं अन् सहज विचारलं की हे जातं कुठं. बरोबरचा गडी म्हणाला, जिरवतो आपण.

जिरवतो. मी पाईपामागं पाईप चालत गेलो. बांबूच्या कुंपणाच्या पलीकडं सिमेंटचा कट्टा, त्याच्यावर हिरवं झाकण, बाजूला पाटी, भूजल पुनर्भरण. छतावरून येणारा पावसाचा पाईप एका बाजूनं येतो, तो तुझा, तो मला मान्य आहे. ते काम चांगलं होतं, मी कधी नाही म्हणणार नाही. अन् दुसऱ्या बाजूनं लॉन्ड्रीचा अन् बाथरूमचा पाईप. त्या दोघांचं तोंड एकाच भोकात, त्या फेल बोअरच्या. सांडपाणी साफ करायचं यंत्र जिथं बसणार होतं तिथं लग्नाचं स्टेज आहे. पावसाळा गेला की पावसाचा पाईप कोरडा पडतो. मंग अक्का, चैत्रात आपल्या विहिरीला आलेलं पाणी कोणत्या पाईपाचं होतं? मायनं ओटी कशाची भरली?

मला सर्जेराव मालकाचा राग येत नाही. त्याच्याकडून मला कधी काही नको होतं. राग येतो तो आपल्या लोकांचा अन् तुझा. आपल्या लोकांचा यासाठी की आपल्याकडं कुणी जमिनीत पाणी सोडलं म्हणलं की आपण हात जोडतो. नारळ फोडतो, शाल घालतो. कसलं पाणी सोडलं हे कुणी विचारत नाही. कोरड्या मुलखात पाण्याला जात-गोत कोण विचारणार? बिचाऱ्यांनी ग्रामसभेत सर्जेरावांचा सत्कार केला. आता तोंड उघडायचं कसं? अन् निम्म्या घरातली पोरं तिथंच वेटर.

तुझा राग यासाठी की तू विचारू शकत होतीस. विचारायचा पगार घेतेस तू. मी त्याच दिवशी झाकणाजवळ उभा राहून तुला फोन लावला होता, तो तू उचललास. मला वाटलं होतं तू ओरडशील, मालकाला शिव्या देशील, गाडी काढून येशील. तू एवढंच म्हणालीस, “ते तात्पुरतं आहे कल्याण, पावसाळ्यानंतर प्लांट बसणार आहे. कुणाला बोलू नको.” म्हणजे तुला माहीत होतं. दिवाळीत तू तपासणीला आल्तीस तेव्हाच तो पाईप जोडलेला होता. त्या हिरव्या झाकणावर तू अन् माय उभ्या राहून फोटो काढलाय. मायनं तो फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलाय. त्या फोटोत तुझ्या सँडलपासून हातभर अंतरावर तो पाईप दिसतो. मी रोज बघतो.

मी बोललो. तुझं ऐकलं नाही, मी कधी कुणाचं ऐकलंय? पण मी बोललो तेव्हा कुणी ऐकलं नाही. पाणी बोललं तेव्हा ऐकलं. डाळ शिजेना. चहात दूध फाटायला लागलं. बादली ओढली की कडेला फेस. शेळ्या वास घेऊन मागं फिरायला लागल्या. मंग हळूहळू एकेका घरानं त्या विहिरीचं पाणी प्यायचं सोडलं, फाट्यावरून जार आणायला लागले. सगळ्यात आधी तुळजाबाईनं सोडलं, जिनं गाणं म्हणलं होतं. भांडण कुणी केलं नाही. सत्कार केलेला ना.

मी काय केलं तेही ऐक. हॉटेलच्याच चादरींचे बोळे करून त्या पाईपात कोंबले. लॉन्ड्रीत गुडघाभर पाणी झालं, एका वऱ्हाडाच्या बॅगा भिजल्या, नवरीचा शालू भिजला. त्या पोरीचं मला वाईट वाटलं, तिचा काय दोष. सर्जेराव मालक ओरडले नाहीत. खुर्चीत बसून म्हणाले, “तुझ्याच बहिणीचं काम बंद पाडतोस होय रे?” अन् मला घरी पाठवलं. संध्याकाळपर्यंत पाईप मोकळा. माझ्या सगळ्या नोकऱ्या अशाच गेल्यात, त्याचं काही नाही. पण यावेळी पहिल्यांदा नोकरी गेल्यावर मला कुठं पळून जावंसं वाटलं नाही.

कारण माय. आता मुद्द्यावर येतो. मला माहीत आहे मी इकडंतिकडं भटकतो, बोलण्यातपण. पण हे लिहायला हात वळत नव्हता म्हणून एवढं भटकलो.

सगळ्या वस्तीनं ते पाणी सोडलंय अक्का, माय सोडत नाही. ती अजून तेच पिते. त्याच पाण्यात भाकरीचं पीठ मळते. मी जार आणून ठेवला तर त्याच्यातलं पाणी तिनं तुळशीला घातलं. परवा तुळजाबाई दारात येऊन टोमणा मारून गेली की तुझ्या लेकीचं पाणी आता तूच पी बाई. तर माय उठली, विहिरीवर गेली, तांब्या भरून आणला अन् तिच्यासमोर उभी राहून घटाघटा प्यायली. पदरानं तोंड पुसलं. तुळजाबाई बिचारी खाली मान घालून गेली. मायच्या हाताला सगळी खाज उठलीय, पोटात कळा येतात, दोन घास खाल्ले की पोट धरून बसते. परतूरला नेलं, सलाईन लावली. डॉक्टरनं विचारलं पाणी कुठलं पिता, तर म्हणली घरचंच, एकदम चांगलं आहे. घरी आल्यावर पहिला तांब्या तिनं विहिरीतूनच मागितला. मी तांब्या हिसकावला. मी आईच्या हातातून तांब्या हिसकावला, अक्का. सांगितलं तिला सगळं, पाईप, चादरी, ब्लीच, हळद. ती शांतपणे ऐकून म्हणाली, “माझ्या शालूनं आणलेलं पाणी हाय ते. तू एवढा मुलूख हिंडलास, एक तांब्या तरी आणलास का कुठून?” बरोबरच बोलली ती. तिला वाटतं मी जळून बोलून राह्यलोय.

म्हणून हे पत्र. तुझी नोकरी जावी म्हणून नाही, ती पितळेची पानं उखडावीत म्हणूनपण नाही. ते मी नंतर बघीन, तू येशील किंवा येणार नाहीस. मालकाशी काय बोलायचं ते तू ठरव. पण हे वाचून झालं की उठ, मीटिंग सोड अन् मायला फोन लाव. नुसतं तब्येतीला जप म्हणू नको, पाणी उकळून पी म्हणू नको, ती उकळून पिईल अन् तुझं कौतुक करील. तिला सांग की माय, ते चादरी धुतलेलं पाणी हाय, मला दिवाळीपासून माहीत होतं, ते पिऊ नको. हे शब्द माझ्या तोंडून तिला खोटे वाटतात. तुझ्या तोंडून ऐकलं तर तिचं काय होईल ते मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे, तरी सांग. तिच्याजवळ तांब्या असेलच, असतोच. ती तो खाली ठेवील त्याचा आवाज येईस्तोवर फोन ठेवू नको.

तुझाच, अजून तरी,
कल्याण