डोझरपुढची खुर्ची

विद्यानगर, हैदराबाद
मंगळवार

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम. स्पीड पोस्टाने आलेलं पत्र बघून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहेत, जमीन जागेवर आहे आणि तुझा तो लाडका डोझरही शेतात उभा आहे. नुसताच उभा आहे, त्याचंच सांगायचंय. फोनवर का नाही सांगितलं, असं तू विचारशील. फोनवर तू मला बोलू देतोस कुठे? मी दोन वाक्यं बोलले की तू कॅमेरा फिरव म्हणतोस, पातं किती खाली गेलंय ते दाखव म्हणतोस, आणि तेवढ्यात रंजना वहिनी येऊन आज भाजी काय केली ते विचारतात. शिवाय आमच्या घरात फोन म्हणजे सार्वजनिक नळ झालाय, कुणीही यावं आणि उघडून बघावं. मराठीत कागदावर लिहिलेलं मात्र बाबा सोडले तर माझ्याशिवाय इथे कुणाला धड वाचता येत नाही. हर्षवर्धन समोरच बसलाय. मघाशी डोकावून गेला आणि 'मम्मी, क्या लिख रे?' म्हणाला. किराण्याची यादी, म्हटलं. त्याला ते पटलं. म्हणजे बघ, काय मराठी शिकवलीय मी पोराला.

आधी माझा राग ऐकून घे, बाकीचं नंतर. तू दोन वर्षांनी रिटायर होणार, नागपूर सोडणार, इब्राहिमपट्टणच्या पुढे बाबांनी घेऊन ठेवलेल्या जमिनीवर दोन खोल्या बांधणार, आंबे लावणार, हे सगळं चांगलं आहे. तू आलास तर मलाच आधार होईल. पण तोवर तुझ्या बागेची राखण, साफसफाई, मजूर, मशीन, सगळं माझ्या गळ्यात. मागच्या वर्षी तू जेसीबी लावलास. त्याने वेडी बाभूळ वरच्या वर मोडली, पाऊस पडला आणि एका बुंध्याच्या जागी झुडपंच्या झुडपं वर आली. मग तू कुठल्या तरी परदेशातले व्हिडिओ बघितलेस आणि ठरवलंस, की मुळं जमिनीखालून कापणारं मशीनच पाहिजे. ते मशीन नेमकं इथल्या मशीनवाल्या अप्पारावाकडे निघावं, हे आपलं नशीब. चांगलं की वाईट, ते तू आल्यावर ठरवू.

हे मशीन तू व्हिडिओत बघतोस, मी प्रत्यक्ष बघते, त्यात फरक आहे. खाणीवरचा जुना साखळीचा डोझर. अप्पारावाने आपल्या शेडमध्ये वेल्डिंग करून करून त्याचं मूळ रूप शिल्लक ठेवलेलं नाही. चालवणाऱ्याभोवती जाड पाइपांचा पिंजरा, फांद्या अंगावर येऊ नयेत म्हणून. पोटाखाली लोखंडी पत्रा. पुढे हातहात लांब दातांचा पंजा, आणि मागे दोन भक्कम पायांमध्ये ते आडवं पातं. पातं दीड फूट खाली उतरवतात आणि डोझर हळूहळू पुढे नेतात. एक सांगू, झाड लगेच पडत नाही. पातं खालून गेलं की एकदा हलतं आणि उभंच राहतं. पानं हिरवी, शेंगा जिथल्या तिथे. न सांगता कुणी बघितलं तर म्हणेल, झाडाला काही झालेलंच नाही. मग जिलानी, म्हणजे तो डोझर चालवणारा, मशीन वळवून आणतो आणि पंज्याने नुसतं ढकलतो, की ते मुळासकट निघून येतं. पहिल्या दिवशी मीसुद्धा तोंडाचा आ करून बघत राहिले होते, खोटं कशाला बोलू.

पण ते मशीन तिथवर पोचवताना माझ्या नाकी नऊ आले, ते तुझ्या व्हिडिओत नव्हतं. ट्रेलर वळणावर अडकला. विजेच्या तारा बांबूने वर उचलाव्या लागल्या. नाल्यावरचा पाइप खचला तेव्हा गाववाले माझ्याभोवती जमले आणि तेलुगूत जे काही बोलले, ते सगळं मला कळलं, हेच दुर्दैव. तू तेव्हा मेसेज पाठवलास, 'काम सुरू झालं का?' आणि खाली हात जोडल्याचं चित्र. त्या चित्राचं काय करायचं होतं मी?

बरं, काम सुरू झालं आणि बाबांनी ते बंद पाडलं. बाबांना घरी ठेवून जाता येत नाही, म्हणून दर शनिवारी मी त्यांना बरोबर नेते. दिलसुखनगरहून बस, पुढे ऑटो. पहिल्याच दिवशी जिलानीने मागच्या कडेला पातं उतरवलं, आणि बाबांनी बसायला आणलेली प्लास्टिकची खुर्ची उचलली, डोझरच्या समोर नेऊन ठेवली आणि तिच्यावर बसले. छत्री उघडून. ऐंशी पार केलेला माणूस पुढ्यात, एवढं धूड मागे घरघरतंय, आणि बाबा शांतपणे आईचं नाव घेऊन म्हणतात, इथे चतुरा आहे, इथून जायचं नाही.

तुला आठवतं ना, आई गेली तेव्हा देगलूरच्या मामांनी अस्थी गोदावरीवर न्यायचा किती आग्रह धरला होता. आईने आधीच बजावून ठेवलं होतं, नदीत नको, दगड नको, चौथरा तर मुळीच नको, लोक उदबत्त्या लावत बसतील. जमिनीत घाला आणि वर झाड लावा. भंतेजींनी वंदना घेतली, खड्डा तू स्वतः खणलास, तुझा पांढरा सदरा घामाने पाठीला चिकटला होता, एवढं मला आठवतं. खड्डा कुठे होता, ते आठवत नाही. मी रडत होते, मला दिशा कुठली कळायला. रान तेव्हा मोकळं होतं, खूण कसलीच नव्हती, म्हणून खणणारा तूही विचारलं तर फाटकाजवळचा लिंब दाखवतोस. आपण सगळे तोच दाखवतो, दर स्मृतिदिनाला त्याच्याच खाली वंदना घेतो, खीरदान करतो. बाबा म्हणतात, तो लिंब आईचा नाहीच. आईवर लावलेलं रोप पहिल्याच उन्हाळ्यात वाळलं. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी दुसरं रोप आणलं आणि फाटकाजवळ लावलं, कारण टाकीचं पाणी तिथवर पोचत होतं. जुन्या खड्ड्यात मग वेडी बाभूळ उगवली. ती त्यांनी उपटली नाही. उलट पाणी घातलं. चतुराच्या मातीतून आलंय, येऊ दे, असं म्हणाले. म्हणजे इतकी वर्षं आपण भलत्याच झाडाला हात जोडत होतो, आणि ज्या झाडाचा नायनाट करायला तू एवढं मशीन आणलंस, ते झाड आई. खूण ठेवायची नाही, हे आपल्या घराचं तत्त्व. ते आपण इमानाने पाळलं, आणि आता बसलोय कपाळाला हात लावून.

पातं दीड फूटच जातं, खड्डा त्याहून खोल होता, असं तू म्हणशील. मीही म्हटलं होतं. ते बाबांना जाऊन सांग. शेवटी जिलानीने ट्रेलरच्या मागे लावलेलं लाल फडकं फाडून त्या बाभळीला बांधलं आणि तेवढी एक सोडून बाकीचं काम करू म्हणाला. मला वाटलं, मिटलं. पुढच्या शनिवारी बाबांनी खुर्ची उचलली आणि दुसऱ्याच बाभळीखाली नेऊन ठेवली. ही आहे, म्हणाले. मी म्हटलं, बाबा, मागच्या आठवड्यात ती होती. ते माझ्यावर असे उखडले, की मला माझं झाड ओळखता येत नाही का, खड्ड्याला पाणी तू घातलंस की मी? त्या झाडालाही फडकं बांधलं. मग तिसरं. त्याच दिवशी दुपारी विहिरीकडचं चौथं. अप्पाराव मला बाजूला घेऊन म्हणाला, 'अम्मा, चेट्टू निकालने कू बुलाए या रखने कू?' झाडं काढायला बोलावलं की राखायला, ते मलाच कळेना. शेत निम्मं साफ आणि मधेमधे लाल फडकी बांधलेल्या बाभळी. जिलानी बिचारा त्यांच्यामधून ते धूड वळवत नेतो, पातं उचलतो, उतरवतो, पुन्हा उचलतो. तू व्हिडिओवर ओरडतोस, की ओळी सरळ का नाहीत. म्हणून नाहीत सरळ.

मी बाबांवर चिडले, दादा. खूप चिडले. मला वाटत होतं, म्हाताऱ्याचा हट्ट आहे, जमीन साफ होऊ द्यायची नाही, तू येऊन घर बांधू नयेस म्हणून अडवतायत. बसमध्ये त्यांचा वेगळाच तमाशा. सागर रिंग रोडच्या आसपास ते उठून उभे राहतात आणि लोकांना आत सरकायला सांगतात, सुट्टे पैसे काढा म्हणतात. जुनी कंडक्टरकी आठवते म्हणून हसून सोडून दिलं मी. कॉलेजची पोरंही हसतात, आत सरकतात. एकदा मात्र दिलसुखनगरला उतरल्यावर ते गौलीगुड्याची बस शोधायला लागले. घरी जायचंय म्हणाले. गौलीगुड्याची खोली सोडून आपल्याला किती वर्षं झाली, तू तेव्हा दहावीत होतास. मी हाताला धरून ऑटोत बसवलं आणि घरी आणलं. मग डब्यातली अर्धी भाकरी ते रुमालात बांधून ठेवायला लागले. कुणासाठी, विचारलं तर म्हणाले, ती मागून येतेय.

आणि तुझा फोन आला की हाच माणूस ताठ बसतो. तुझी तब्येत विचारतो, नागपुरात ऊन किती, विचारतो, तुझ्या ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करून दाखवतो. पाच मिनिटं. तू मला म्हणतोस, रेणू, बाबा ठणठणीत आहेत, तूच दमलीस, थोडी सुट्टी घे. फोन ठेवला की ते मला विचारतात, कोण होतं? मला त्या क्षणी तुझा इतका राग येतो, की फोन भिंतीवर फेकावा. तुझी काही चूक नाही, हे कळतं. तरी येतो.

आता ज्यासाठी कागद घेऊन बसले, ते लिहिते. परवाच्या शनिवारी बाबा खुर्चीवरून उठले, डबा घेतला आणि थेट डोझरपाशी गेले. पिंजऱ्याकडे मान वर करून हाक मारली, 'धम्मा, उतर खाली, किती वेळ उन्हात बसशील, जेवून घे.' जिलानीने इंजिन बंद केलं, 'हौ बाबा' म्हणाला आणि उतरला. पन्नाशीचा माणूस आहे, पांढरी दाढी आहे त्याला. बाबांनी त्याला बांधावर बसवलं, आपल्या हाताने भाकरी मोडून दिली, ठेचा वाढला, आणि रंजना बरी आहे का, असं विचारलं. 'हौ, अच्छी है,' तो म्हणाला. मला कळलं, हे पहिल्यांदा होत नाहीये. हात धुताना त्याने मला हळूच सांगितलं, 'अम्मा, बेटे कू बुला लेव. मैं झूट बोल के कित्ते दिन खाऊं?' काल सोमवारी मी बाबांना डॉक्टरांकडे नेलं. विसरण्याचा आजार आहे, बराच पुढे गेलाय, आणखी जाईल, म्हणाले. आई कुठल्या झाडाखाली आहे, ते आता कुणालाच सांगता येणार नाही, दादा. मी अप्पारावाला फडकी बांधलेल्या सगळ्या बाभळी राहू द्यायला सांगितलं आहे, आणि शनिवारपर्यंत काम बंद ठेवायलाही. तुझी बाग होईल तेव्हा होईल. तू दोन वर्षांनी येऊ नकोस, या शनिवारी ये. फोन करू नकोस, व्हिडिओ तर नाहीच, गाडीत बसून ये. जेवायला हाक मारताना अजून त्यांच्या तोंडात तुझंच नाव येतं. ते येतंय तोवर तू समोर हवास.

तुझीच,
रेणू