आवाज न करणारी काडतुसं

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ह्यूस्टन सोडलं आणि चार तासांत रॉयस टॅकेटच्या फाटकापाशी पोचलो. तीस वर्षं आम्ही दोघं एकाच कारखान्यात शेजारशेजारच्या लेथवर उभे होतो. आता तो बायकोच्या माहेरच्या जमिनीत भुईमूग करतो, आणि मी, निवृत्त आणि एकटा, त्याच्या कोठारामागच्या ट्रेलरघरात मुक्कामाला आलोय. मिठी मारायच्या आधीच म्हणाला, "मारेक, तुझ्याआधी तुझं पोट फाटकातून आत आलं की रे." त्याच्या बायकोने, ओडेलने, मक्याचा गरम पाव वाढला आणि मला खिडकीसाठी स्वतः शिवलेले पडदे दिले. बऱ्याच वर्षांनी कुणाच्या तरी घरी आल्यासारखं वाटलं.

काम म्हणजे रानडुकरं. नदीकाठच्या झाडीतून कळप येतो आणि भुईमुगाच्या ओळीच्या ओळी नांगरून जातो. साध्या काडतुसाने एक पडतं, बाकीची आवाजाने पांगतात. म्हणून रॉयसला माझ्या हातची मुकी काडतुसं हवीत. गोळी जड, दारू अगदी चिमूटभर, म्हणजे गोळी आवाजाच्या वेगाच्या आत राहते आणि हवेत कडाडत नाही. बंदुकीला सायलेन्सर लावला की टाळी वाजावी एवढाच आवाज उरतो.

६ ऑक्टोबर, सोमवार

कोठारात खिडकीशी बाक लावला, काडतुसं भरायची प्रेस घट्ट बसवली, वजनाचा काटा सपाट केला. वापरलेली पितळी कवचं घासून चकचकीत केली, बुडात दारू पेटवणाऱ्या नव्या टोप्या बसवल्या आणि पन्नास कवचं ट्रेमध्ये ओळीने उभी केली. दारू इतकी थोडी की कवचाच्या तळाशी जेमतेम दिसते. मधेच ओडेलने जेवायला हाक मारली. परत येऊन उरलेल्या ओळी भरल्या आणि गोळ्या बसवल्या. संध्याकाळपर्यंत पन्नास तयार. हाताला जुनी सवय अजून आहे, याचा आनंद झाला.

८ ऑक्टोबर, बुधवार

सूर्य मावळता मावळता रॉयस आणि मी मचाणावर होतो. त्याने तीन पाडली. टाळी, टाळी, टाळी. कळप पळाला नाही. एक मोठी डुकरीण, डावा कान फाटलेली, पडलेल्या पिलाजवळ गेली, हुंगलं आणि खायला लागली. मग बाकीचीही आली. रॉयस हसून म्हणाला, "बघ, मास्तरणीने डबा उघडला, आता वर्गाला सुट्टी." मला हसू आलं नाही. तिचंच पिलू असावं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आता उलटंच झालंय. टाळीचा आवाज झाला की कळप जवळ येतो. आवाज म्हणजे मेलेलं डुक्कर, मेलेलं डुक्कर म्हणजे खाणं, हे त्यांना कळलंय. आज दुपारी रॉयसने गंमत म्हणून कुंपणाशी उभं राहून दोन्ही हातांनी टाळी वाजवली. झाडी हलली. मास्तरीण बाहेर आली आणि आमच्याकडे बघत राहिली. हल्ली ही डुकरं येताना गुरगुरतही नाहीत. ओडेल ओट्यावरून म्हणाली, "रॉयस, हे पुन्हा करायचं नाही." तिने असा आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

रॉयस संध्याकाळी पाच वाजता बंदूक घेऊन एकटाच नदीकाठी पायी गेला. मचाणावर चढून गुडघे दुखतात म्हणाला. अजून आला नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पोलिसांना बंदूक सापडली आणि एक बूट. बाकी जे सापडलं ते त्यांनी ओडेलला बघू दिलं नाही. ती ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. तीनशे पावलांवर. तिला काहीही ऐकू आलं नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

बंदूक परत मिळाली. ओडेलने ती माझ्याकडे दिली, साफ करा म्हणाली. नळीत गज घातला. मध्यावर अडला.

गोळी आत अडकलेली. कवचात दारूच नव्हती, नुसत्या टोपीच्या जोराने ती अर्ध्यापर्यंत गेली आणि थांबली. त्यावर पुढची झाडली तर नळीच फुटते, म्हणून तो पुढची झाडूच शकला नसणार.

जेवायला उठलो तेव्हा एखादी ओळ राहिली. माझ्या हातून.

गोळी ठोकून बाहेर काढली. खिशात आहे. ओडेलला सांगितलं, बंदूक ठीक आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

एकवीस काडतुसं उरलीत. त्यांतली पोकळ कोणती? वजन केलं. कळत नाही — दारू इतकी कमी की गोळ्यागोळ्यांतला फरकच तिच्याहून मोठा. हलवून पाहिली. काही नाही. उद्या सगळी उकलायची.

सांगायला हवं. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो होतो. ती त्याचे शर्ट घडी करत होती.

२२ ऑक्टोबर, बुधवार, दुपार

काडतुसांचा डबा बाकावर नव्हता. बंदूकही नाही. मी धावत निघालो. ओडेल मचाणावर होती. मी शिडी चढतोय तोच पाठीमागे झाडीतून सगळी डुकरं बाहेर आली, एकही आवाज न करता.

तिने दोन पाडली. तिसऱ्याला नुसतंच टक्. मी ओरडलो, थांबा, पुढची झाडू नका, नळी फुटेल.

ती माझ्याकडे वळली.  शांतपणे विचारलं, "मारेक, तुम्हाला कसं कळलं?"

सांगितलं. सगळं. खिशातली गोळीसुद्धा दाखवली.

ती रडली नाही. म्हणाली, "आता हेच लिहून काढा. तारखेसकट. तुमची वही असतेच ना खिशात." कमरेचं पिस्तूल तिने मांडीवर घेतलंय. त्यात तुमची नाही, दुकानातली काडतुसं आहेत, असंही म्हणाली.

लिहिलं. मी, लिंडेल मारेक, चूक माझी. लपवली मीच. रॉयसचा काही दोष —

खाली मेलेली दोन्ही डुकरं खाऊन संपली. मास्तरीण शिडीशी बसलीय. बाकीची गोल करून. गुरगुर नाही, काही नाही. वर बघतायत.

"झालं की खाली उतरा," ती म्हणाली.



तिने आत्ताच पुन्हा विचारलं, झालं का. मी म्हटलं, एक ओळ राहिलीय. खरं तर काहीच राहिलेलं नाही. पण मी लिहितोय तोवर ती थांबेल, म्हणून लिहितोय, अजून लिहितोय, ओडेल वाकून वाचतेय, तिला हे कळलं आणि ती —